आधी गच्ची, मग सॅटेलाइट: सोलापुरातून ढग बघायला शिकताना

जून लागला की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चित्र फिरायला लागतं. अख्ख्या महाराष्ट्रावर लाल-पिवळे डाग, आणि खाली ओळ, "पुढच्या चार तासांत मुसळधार". इकडं सात रस्त्याला ऊन रखरखत असतं. चित्र खोटं असतंच असं नाही, बऱ्याचदा ते त्याच दिवसाचं असतं. चूक ते बघणाऱ्याची होते. उपग्रह ढगाचा माथा बघतो, आपण तळ बघतो, आणि पाऊस पडणार का हे या दोन्हींच्या मधे आणि तळाच्याही खाली ठरतं. म्हणून या लेखात क्रम एकच ठेवलाय. आधी गच्चीवर जाऊन आभाळ बघायचं, वहीत लिहायचं, मगच फोन उघडायचा. उलटं केलं की चित्रात बघितलेलंच आभाळात दिसायला लागतं.

सोलापूर या कामाला फार सोयीचं गाव आहे. सभोवती सपाट माळ, डोंगर आडवा येत नाही, चौथ्या मजल्यावर गेलं की क्षितिजापर्यंत नजर जाते. सह्याद्री पश्चिमेला दोनशेहून जास्त किलोमीटरवर राहतो, आपण त्याच्या पर्जन्यछायेत. जून-जुलैत ढग रोज येतात आणि बरेचसे तसेच पुढं जातात. खरा पाऊस सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या तोंडावर. म्हणजे न पडणारे ढग बघण्याची सोय इथं कोकणापेक्षा कितीतरी जास्त, आणि शिकायला तेच बरे. कोकणात जुलैत वर बघितलं तर सगळं एकच राखाडी.

१. गच्ची, दिशा, वेळ

लागतं काय? एक वही, घड्याळ, फोन आणि वीतभर रुंदीचा सपाट आरसा. दुर्बीण नको.

गच्चीच्या कठड्यावर खडूने आठ दिशा एकदाच मांडून ठेवा. पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडजवळ फोनचं होकायंत्र चकवतं, तेव्हा तिथून जरा लांब उभं राहा. दिशांना गावांची नावं दिली की लक्षात राहतात. पंढरपूर जवळपास नेमकं पश्चिमेला, मोहोळ वायव्येला, तुळजापूर उत्तरेला थोडं पूर्वेकडं झुकून, नळदुर्ग पूर्वेला जरा वर, अक्कलकोट आग्नेयेला, विजापूर दक्षिणेला. "मोहोळच्या बाजूनं काळं उठलंय" असं तोंडी म्हणतोच आपण, तेच वहीत लिहायचं.

वेळा ठरलेल्या हव्यात. हवामान खातं सकाळी ८.३० आणि संध्याकाळी ५.३० च्या नोंदी घेतं, आणि चोवीस तासांचा पाऊसही सकाळी साडेआठलाच मोजतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार त्या ०३.०० आणि १२.०० होतात, हे पुढं उपग्रहाच्या चित्रांना लागणार आहे. या दोन वेळा धराच, आणि जमलं तर दुपारी दीडची एक. उन्हाने फुगणारे ढग त्या वेळेला रंगात आलेले असतात. रोज तीन नोंदी जमणार नसतील तर एकच घ्या, पण वेळ बदलू नका.

२. आभाळ किती झाकलंय

आभाळाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहायचं. निरभ्र म्हणजे ०, पूर्ण मळभ म्हणजे ८. जगभरच्या वेधशाळा अशाच लिहितात. आभाळाचे चार पाव करा, प्रत्येक पावाला दोन गुण, मग बेरीज.

नवख्या माणसाचा आकडा हटकून जास्त येतो, याला कारण आहे. डोक्यावरच्या ढगाचा आपल्याला फक्त तळ दिसतो, पण क्षितिजाकडच्या ढगाची बाजूही दिसते, आणि एकाच्या मागं दुसरा उभा राहून मधली फट झाकतो. त्यामुळं विजापूर रोडच्या बाजूला ढगांची भिंत दिसते, आणि तिकडून येणारा माणूस सांगतो की वाटेत ऊन होतं. क्षितिजालगतच्या हातभर पट्ट्याला फार भाव देऊ नका.

ढगांसोबत आभाळाचा रंगही लिहा: गडद निळा, फिकट, दुधी. एप्रिल-मेमध्ये धुळीने सोलापूरचं आभाळ दुधी होतं. एखादा वळीव जोरात पडून गेला की दुसऱ्या सकाळी तेच आभाळ निळंशार. हवेत किती कण तरंगताहेत याचा अंदाज एवढ्यावर येतो. सूर्याकडं मात्र थेट बघायचं नाही. त्याला खांबाच्या किंवा टाकीच्या आड घालून मग आजूबाजूचं बघा.

३. ढग कोणता

आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह पहिल्यांदा १८९६ मध्ये छापला गेला. त्यातले दहा मुख्य प्रकार आजही चालतात. दहाच्या दहा पहिल्याच महिन्यात पाठ करायची गरज नाही. सोलापुरात आधी पाच ओळखा.

क्युम्युलस म्हणजे सपाट तळाचे, वर फुगीर, सुटेसुटे ढग. दुपारी हेच असतात. स्ट्रॅटोक्युम्युलस म्हणजे त्यांच्याच जाडसर गाद्या, एकमेकींना चिकटलेल्या. जुलैतल्या सकाळी आभाळ झाकोळलेलं असतं ते बहुधा यांनी, आणि त्यातून फार तर भुरभुर. आल्टोक्युम्युलस मधल्या उंचीवरचे, लहान लहान गोळ्यांचे. सिरस सगळ्यात वर, बर्फाच्या कणांचे, रेषारेषांचे. आणि क्युम्युलोनिंबस, ज्याची सगळे वाट बघतात आणि ज्याला सगळे घाबरतात: गडगडाट, वीज, वळीव, गारा, सगळं याच्या पोटात.

गोळ्यांच्या ढगांत गोंधळ होतो तेव्हा हात कामाला येतो. हात पूर्ण ताणून डोक्यावरच्या ढगाकडं धरा. एक गोळा मुठीएवढा किंवा मोठा असेल तर स्ट्रॅटोक्युम्युलस. अंगठ्याएवढा असेल तर आल्टोक्युम्युलस. करंगळीच्या नखाआड जात असेल तर तो सिरोक्युम्युलस, पार वरचा. क्षितिजाजवळ हे माप चालत नाही.

सूर्याला किंवा चंद्राला खळं पडलं तर तो आणखी एक पुरावा. हात ताणून पंजा फाकवला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं अंतर दिसतं, साधारण तेवढी त्याची त्रिज्या, २२ अंश. असं मोठं खळं बर्फाच्या कणांतूनच पडतं. ते दिसलं की वर सिरोस्ट्रेटसचा पातळ पडदा आहे असं बिनधास्त लिहा, मग डोळ्याला ढग जाणवो न जाणवो.

क्युम्युलोनिंबस ओळखताना माथ्याकडं बघा. जोवर तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कडक, ठसठशीत कडांचा आहे, तोवर ढग वाढतोय आणि वरचं पाणी अजून पाणीच आहे. कडा विरायला लागल्या, माथा तंतूतंतूंचा होऊन एका बाजूला पसरला, की वर बर्फ झालं. हा बदल वीस-पंचवीस मिनिटांत होऊन जातो. एकदा खुर्ची टाकून तो सलग बघा. पन्नास फोटो बघून जे कळत नाही ते त्यात कळतं.

४. आरसा

आरसा गच्चीवर सपाट ठेवा, कडेला खडूच्या दिशा जुळवा आणि आरशातला एखादा ढग कोणत्या बाजूला सरकतो ते बघा. मान वर करून ही चाल नीट कळत नाही. आरशात दोन मिनिटांत कळते. सूर्याचं प्रतिबिंब टाळा. ढग जिकडून येतो ती दिशा लिहायची, वाऱ्याला लावतात तोच नियम.

पावसाळ्यात एक गंमत बघायला मिळते. खालचे क्युम्युलस पंढरपूरकडून येतात आणि नळदुर्गकडं जातात. मधे फट पडली आणि वर सिरस दिसला, तर तो बरोबर उलटा चाललेला असतो, पूर्वेकडून पश्चिमेकडं. दोन थर, दोन दिशा, एकाच आरशात. खाली मोसमी पश्चिम वारा, आणि वर चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा जोरदार उष्णकटिबंधीय जेट प्रवाह. त्याचं वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केलं. हिवाळ्यात हेच उंच ढग पश्चिमेकडून येताना दिसतील. हा उलटा प्रवास वहीत नोंदवून ठेवा, उपग्रहाच्या चित्रात त्याचा थेट उपयोग आहे.

५. तळ किती उंच

दुपारच्या क्युम्युलसचा तळ किती उंचीवर आहे हे तोंडी गणिताने काढता येतं. कोणत्याही हवामान ॲपवर तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते ते) बघा. दोन्हींच्या फरकाला १२५ ने गुणा. येईल ती उंची मीटरमध्ये, जमिनीपासून.

मेमधली दुपार घ्या: तापमान ४१, दवबिंदू १४. फरक २७, म्हणजे तळ सुमारे ३,३७५ मीटरवर. जुलैमधली ढगाळ दुपार: २९ आणि २२. फरक ७, तळ ८७५ मीटरवर. ढग दोन्हीकडं काळाच दिसतो, पण मे महिन्यात थेंबाला तीन किलोमीटर कोरड्या, तापलेल्या हवेतून खाली यायचं असतं. बरेचसे वाटेतच विरतात. ढगाच्या तळाला राखाडी पट्टे लोंबलेले दिसतात आणि अर्ध्यातच संपतात, ते हेच. पट्टे अर्ध्यात संपले तरी वारा मात्र खाली पोचतो. थेंब विरताना हवा गार आणि जड होते, कोसळते, आणि धूळ उडवत आपल्यापर्यंत येते. पाऊस नाही, पण पत्रे उडाले, हा प्रकार त्यातला. हे सूत्र उन्हाने तयार झालेल्या क्युम्युलस ढगांना लागू पडतं. सकाळच्या थरांच्या ढगांना लावू नका.

या न पडणाऱ्या ढगांसाठीच शास्त्रज्ञही सोलापुरात आले होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथं कायपिक्स या कृत्रिम पावसाच्या प्रयोगाचा चौथा टप्पा घेतला. सोलापुरात सी-बँड रडार होतं, विमानांतून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या गेल्या, आणि बीजपेरणी केलेले व न केलेले मिळून २७६ ढग तपासले. वाऱ्याच्या पुढच्या अंगाला साधारण १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्के जास्त भरला. माझ्या मते यातली मोलाची गोष्ट टक्केवारी नव्हे. ढग दिसायला सारखे असले तरी सगळेच पेरणीच्या लायकीचे नसतात, आणि ढग निवडणं हेच निम्मं काम, हे तिथं पुढं आलं. बातम्यांत मात्र विमानच झळकलं.

६. आता फोन उघडा

वहीत लिहून झालं? मग हवामान खात्याच्या संकेतस्थळावर उपग्रहाचा विभाग उघडा. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) हे विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवरून भारतावर नजर ठेवतात, आणि दर अर्ध्या तासाला चित्र घेतात. इस्रोच्या मॉस्डॅक या संकेतस्थळावरही तीच मिळतात.

पहिलं काम, वेळ बघा. चित्रावर जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. ०८.०० लिहिलं असेल तर ते दुपारी १.३० चं. चित्र एका क्षणात निघत नाही, उपग्रह पृथ्वी ओळीओळीने न्याहाळतो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं धरून चाला. व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्राची वेळ कापलेली असेल तर ते तिथंच सोडून द्या.

चित्रं बरीच असतात, तुम्हाला दोन पुरेत. दृश्य प्रकाशाचं चित्र म्हणजे उन्हात काढलेला फोटो. जाड ढग पांढरा, रात्री सगळं काळं. अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र रात्रंदिवस चालतं, कारण ते तापमान मोजतं. जितकं थंड, तितकं पांढरं. रंग चढवलेल्या चित्रात लाल-काळा म्हणजे सगळ्यात थंड माथा, शून्याखाली साठ-सत्तर अंश. लाल रंग पावसाचा नाही, थंडीचा आहे. वाफेचं तिसरं एक चित्र असतं, ते मधल्या-वरच्या थरातली आर्द्रता दाखवतं. सध्या बाजूला ठेवा.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून सोलापूरवर नजर लावली की चार शक्यता निघतात.

दृश्य चित्रात पांढरं, अवरक्तात राखाडी-काळपट: ढग खालचा आहे. त्याचा माथा जमिनीपेक्षा फारसा थंड नाही म्हणून अवरक्ताला तो नीट दिसत नाही. जुलैच्या सकाळी तुमच्या वहीत ८/८ असेल आणि अवरक्त चित्र सोलापूर जवळपास मोकळं दाखवेल. दोघंही बरोबर.

अवरक्तात पांढरं, दृश्यात फिकट: पातळ सिरस. वहीत ऊन असेल, कदाचित खळंही. व्हॉट्सॲपवरचं "मुसळधार" पुष्कळदा हेच. लांब कुठंतरी पडून गेलेल्या पावसाचा वरचा पसारा.

दोन्हींत पांढरंधोप, गोळाबंद: क्युम्युलोनिंबस. इथं आरशातली नोंद काढा. वर वारा पूर्वेकडून असल्याने पावसाळ्यात ढगाचा माथा पश्चिमेकडं पसरतो. त्यामुळं डागाची पूर्वेकडची कड रेखीव, आणि पश्चिमेकडची विरत गेलेली दिसते. जोराचा पाऊस साधारण रेखीव कडेच्या बाजूला. सोलापूर विरलेल्या भागाखाली असेल तर आभाळ भरून येईल, पण छत्री उघडायची वेळ येईलच असं नाही. चित्रं लागोपाठ चालवून बघा. थंड डाग मोठा होतोय, की पसरून फिका पडतोय, हे एका चित्रावरून कधीच कळत नाही.

चौथी शक्यता, वहीत ३/८ आणि चित्रात काहीच नाही. दृश्य चित्राचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटरचा, अवरक्ताचा चार किलोमीटरचा. दोन-तीनशे मीटरचे क्युम्युलस त्यात विरघळून जातात. इथं तुमची गच्ची उपग्रहाच्या वरचढ आहे.

एक बारकावा. उपग्रह विषुववृत्तावर आहे, म्हणजे आपल्याकडं तो दक्षिणेकडून तिरका बघतो. त्यामुळं उंच ढगाचा माथा चित्रात खऱ्या जागेपेक्षा उत्तरेला सरकलेला दिसतो. पंधरा किलोमीटर उंच ढगाला हा फरक सोलापुरात पाच-सहा किलोमीटरचा येतो. शहराच्या उत्तरेला, हिप्परग्याच्या तलावावर दिसणारा लाल ठिपका प्रत्यक्षात तुमच्या डोक्यावर असू शकतो.

७. नोंद कशी दिसावी

नमुन्यादाखल:

"दु. १.३०. ४/८. क्युम्युलस, चाल प. कडून. फटीत सिरस, चाल पू. कडून. आभाळ फिकट निळं. ता. ३३, दव. २१, तळ अंदाजे १,५०० मी. मंगळवेढ्याच्या बाजूला एक माथा उंच, कडा ठसठशीत, तळाखाली पट्टे, जमिनीला टेकलेले नाहीत. पाऊस नाही. — चित्र ०८.००: दृश्यात नैऋत्येला एक पांढरा ठिपका, अवरक्तात अजून राखाडी."

रेघेच्या आधीचं गच्चीवर लिहायचं, नंतरचं खाली येऊन. ही रेघ मोडू नका. आणि नंतर चित्र बघून वरचा आकडा खोडू नका. जिथं दोन्ही जुळत नाहीत त्याच नोंदी पुढं जास्त कामाच्या ठरतात.

नोंद इतरांच्या उपयोगी पडावी असं वाटलं तर ग्लोब ऑब्झर्व्हर हे मोफत ॲप आहे. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, वर आणि खाली असे सहा फोटो ते मागतं. त्या सुमारास नासाच्या कामात वापरला जाणारा एखादा उपग्रह वरून गेला असेल तर तुमची नोंद आणि त्याची नोंद समोरासमोर लावून ईमेल येतो. शाळेतल्या पोरांना हा ईमेल फार आवडतो. फोटोत शेजाऱ्यांची गच्ची आणि माणसं येणार नाहीत एवढं बघा.

८. वीज

वीज दिसली की आकडे मोजायला लागा. चमक आणि गडगडाट यांत तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पुढची वीज तुमच्या गच्चीवरही पडू शकते. वही उचला, खाली या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. शेतात असाल तर झाड टाळा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसा. पुण्याच्याच त्या हवामानविज्ञान संस्थेचं दामिनी ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, एप्रिलपासून ते फोनवर असू द्या.

९. जुन्या दिवसांवर हात बसवा

आभाळ कोरडं असेल त्या महिन्यात नासाचं वर्ल्डव्ह्यू हे संकेतस्थळ उघडा. टेरा आणि ॲक्वा हे उपग्रह जमिनीच्या बरेच जवळून फिरतात. त्यांची चित्रं दिवसाला एखाददुसरीच, पण २००० सालापासूनची मिळतात आणि कितीतरी बारीक. सोलापूर शोधायला उजनीचा फुगवटा धरा. वायव्येला काळा, वाकडातिकडा पट्टा दिसतो. तिथून आग्नेयेकडं या.

मग तारीख लावा १२ ऑक्टोबर २०२०, आणि एकेक दिवस पुढं सरका. बंगालच्या उपसागरातलं खोल कमी दाबाचं क्षेत्र १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणातून पश्चिमेकडं आलं, आणि १४ ला सोलापूर-कलबुर्गीच्या पट्ट्यात होतं. त्या पावसाने भीमेला आलेला पूर पंढरपूरकरांना आजही आठवतो. एरवी पश्चिमेकडून येणारे ढग या वेळी पूर्वेकडून, अख्खे फिरत आले. १४ च्या चित्रात गाव शोधू नका, ढगाखाली काही दिसत नाही. त्यानंतर आभाळ उघडलेला पहिला दिवस शोधा, सप्टेंबरातला एखादा स्वच्छ दिवस शेजारी लावा, आणि उजनीपासून खाली भीमेचं पात्र दोन्हीकडं ताडून बघा.